जमशेदपूर, पिंपरी, गुन्सान : भारतीय ट्रकचा सातासमुद्रापार प्रवास

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात महामार्गावर एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि लोखंडी सांगाडा एवढेच अंगावर असलेले वाहन वेगाने निघून जाते. त्याला ना केबिन, ना दार, ना काच. लाकडी खोक्यावर बसलेला चालक, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला गुंडाळलेला रुमाल. वाहनउद्योगाच्या भाषेत याला 'चासी' म्हणतात. कारखान्यातून निघालेली ही चासी पुढे एखाद्या बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात पोहोचते आणि तेथे तिचा ट्रक होतो. काही चासी मात्र बंदराकडे किंवा सीमेकडे वळतात आणि ढाका, काठमांडू, कोलंबो अथवा आफ्रिकेतील एखाद्या शहरात रस्त्यावर येतात.

मोटारींच्या जाहिराती सर्वांच्या नजरेसमोर असतात. ट्रकच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. तथापि धान्य, सिमेंट, पोलाद, भाजीपाला आणि इंधन यांची देशातील बहुतांश वाहतूक ट्रकवरच अवलंबून आहे. साहजिकच ट्रकचा खप वाढला की अर्थव्यवस्था धावू लागली असे मानले जाते आणि तो घटला की मंदीची चाहूल लागते. या उद्योगाची घडण, त्याचा जागतिक व्यापार आणि त्यातील भारताचे स्थान यांचा हा आढावा.

व्यापारी वाहन म्हणजे काय?

माल किंवा प्रवासी यांची भाड्याने अथवा धंद्यासाठी वाहतूक करणाऱ्या वाहनांना 'व्यापारी वाहने' असे म्हणतात. मालवाहू वाहनांचे वर्गीकरण त्यांच्या एकूण वजनावरून, म्हणजे वाहन आणि माल यांच्या एकत्रित वजनमर्यादेवरून होते. साडेतीन टनांपर्यंतची वाहने 'एन-१', साडेतीन ते १२ टनांची 'एन-२' आणि १२ टनांवरील 'एन-३' या वर्गात मोडतात. युरोपात रूढ असलेली हीच विभागणी भारतातील मोटार वाहन नियमांनीही स्वीकारली आहे.

ट्रकच्या नावातही ही माहिती दडलेली असते. टाटांच्या '१६१३' या परिचित ट्रकमधील पहिले दोन आकडे सुमारे १६ टन एकूण वजन दर्शवितात, तर नंतरचे दोन आकडे सुमारे १३० अश्वशक्ती.

आंतरराष्ट्रीय व्यापारात सीमाशुल्कासाठी या वाहनांना निरनिराळे क्रमांक आहेत. मालवाहू वाहने ८७०४ या शीर्षकाखाली, बस ८७०२ खाली, ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर ८७०१ खाली आणि इंजिनसह चासी ८७०६ खाली मोडते. ही विभागणी कागदोपत्री वाटली, तरी तिच्यावर कोट्यवधींचे व्यवहार फिरतात. पूर्ण ट्रक, चासी आणि सुटे भाग यांवर अनेक देश वेगवेगळ्या दराने आयातशुल्क आकारतात. ट्रक कोणत्या स्वरूपात बोटीवर चढणार, हे बरेचदा या दरांवरूनच ठरते.

जमशेदपूरची सुरुवात

टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी अर्थात 'टेल्को' १९४५ मध्ये स्थापन झाली ती रेल्वेची वाफेची इंजिने बनविण्यासाठी. ट्रकच्या व्यवसायात ती आली १९५४ मध्ये. जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी तिने १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा मिरवत असे. नंतर तेथे टाटांचे 'टी' हे चिन्ह आले. जुने वाहतूकदार मात्र त्यानंतरही बराच काळ 'मर्सिडीज'च म्हणत राहिले.

याच सुमारास दक्षिणेतही हा उद्योग आकार घेत होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने ब्रिटनच्या लेलँडशी हातमिळवणी केली आणि १९५५ मध्ये 'अशोक लेलँड' हे नाव धारण केले. पुढील अनेक दशके भारतातील अवजड ट्रकची बाजारपेठ मुख्यत्वे या दोन कंपन्यांनी वाटून घेतली होती.

टेल्कोच्या घडणीत सुमंत मुळगावकर यांचा वाटा मोठा. परदेशी तंत्रज्ञान घ्यावे, पण ते कायम उसने राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९६६ मध्ये पुण्यात टेल्कोचे काम सुरू झाले. यंत्रे बनविणारी यंत्रे, साचे आणि हत्यारे येथेच तयार व्हावीत यावर भर देण्यात आला. शिकाऊ उमेदवारांना वर्षानुवर्षे प्रशिक्षण देण्याची पद्धतही येथे रुजली. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि आसपासच्या अनेक लघुउद्योगांचे मालक एकेकाळी या किंवा अशाच मोठ्या कारखान्यांतील कामगार अथवा शिकाऊ उमेदवार होते.

त्या आग्रहाची कसोटी १९८०च्या दशकात लागली. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी आणि ऑल्विन-निस्सान असे चार जपानी सहयोगाचे प्रकल्प हलक्या ट्रकच्या क्षेत्रात उतरले. टेल्को आता मागे पडणार, अशी अटकळ होती. १९८६ मध्ये कंपनीने स्वतःच्या आरेखनाचा '४०७' बाजारात आणला. खडबडीत रस्ते, अतिरिक्त भार आणि गावोगावची साधी गॅरेजे यांचा विचार करून बनविलेल्या या वाहनाने जपानी स्पर्धकांना मागे टाकले. भारतीय रस्त्याला साजेसा ट्रक जगातील तशाच इतर रस्त्यांवरही चालू शकतो, हा या यशाचा पुढचा अर्थ होता.

ट्रक घडतो कसा?

ट्रकचा कणा म्हणजे चासीचा सांगाडा. जाड पोलादी पत्र्याच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे रिव्हेट अथवा बोल्टने जुळवून तो तयार होतो. अनेक कारखान्यांत हा सांगाडा प्रथम उलटा ठेवून त्यावर पाटे व आस बसवितात आणि मग तो सुलटा करतात. त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, इंधनटाकी, ब्रेकच्या नळ्या आणि शेवटी केबिन व चाके येतात.

जुळणीच्या या रांगेमागे आणखी एक विशाल यंत्रणा उभी असते. इंजिनाचा ठोकळा ओतशाळेत ओतला जातो. क्रँकशाफ्ट आणि पुढचा आस तापलेल्या पोलादावर घाव घालून घडवावे लागतात. १९६१ मध्ये स्थापन झालेली पुण्याची भारत फोर्ज हेच काम करते. तिने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाऊस ही कंपनी ताब्यात घेतली आणि युरोप-अमेरिकेतील ट्रकनिर्मात्यांना सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय विस्तारला. एखादा अमेरिकी ट्रक भारतात कधी येत नाही, पण त्याच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट मुंढव्याचा असू शकतो. व्यापारी वाहनांच्या जागतिक व्यापारात सुट्या भागांचा वाटा किती महत्त्वाचा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तेजी-मंदीचे गणित

मोटारीची हौस असते. ट्रकची मात्र निकड असते. त्यामुळे त्याच्या मागणीतील चढउतार मालवाहतुकीपेक्षा कितीतरी तीव्र असतात. साधे उदाहरण घेऊ. एका वाहतूकदाराकडे १०० ट्रक आहेत आणि प्रत्येकाचे आयुष्य दहा वर्षे आहे. दरवर्षी दहा ट्रक बदलावे लागतील. माल दहा टक्क्यांनी वाढला तर आणखी दहा, म्हणजे एकूण २० ट्रक तो घेईल. पुढच्या वर्षी माल वाढलाच नाही, तर खरेदी दहावर येईल. माल किंचितही घटलेला नाही, तरी ट्रक कंपनीचा खप निम्मा झाला! माल पाच टक्क्यांनी घटला, तर खरेदी पाचवर येईल.

या गणिताचा फटका टेल्कोने २०००-०१ मध्ये अनुभवला. मोटार प्रकल्पातील मोठी गुंतवणूक आणि ट्रकच्या मागणीतील घसरण एकत्र आली आणि त्या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. अगदी अलीकडचे उदाहरण २०१८ नंतरचे आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसावरील भाराची मर्यादा वाढविली. दोन आसांच्या ट्रकचे अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. रस्त्यावरील ट्रकची क्षमता एका रात्रीत वाढली आणि नव्या ट्रकची गरज तेवढीच कमी झाली. पाठोपाठ वित्तसंस्थांची पतटंचाई, एप्रिल २०२० पासून लागू झालेले 'भारत स्टेज-६' प्रदूषण निकष आणि कोविडची टाळेबंदी आली. २०१८-१९ मध्ये देशात दहा लाखांहून अधिक व्यापारी वाहने विकली गेली होती. २०२०-२१ मध्ये ही संख्या सुमारे पाच लाख ६८ हजारांवर उतरली. २०२४-२५ मध्ये ती पुन्हा साडेनऊ लाखांच्या आसपास पोहोचली.

एका देशात मंदी असताना दुसऱ्या देशात तेजी असू शकते. निर्यातीचे महत्त्व येथे आहे.

शेजारपासून आफ्रिकेपर्यंत

टेल्कोचा पहिला ट्रक १९६१ मध्ये तेव्हाच्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला रवाना झाला. त्यानंतर नेपाळ, बांगलादेश, पश्चिम आशिया आणि आफ्रिका या बाजारपेठा खुल्या होत गेल्या. बांगलादेशकडे जाणाऱ्या चासी पेट्रापोल-बेनापोल सीमेवरून आणि नेपाळकडे जाणाऱ्या रक्सौल-बीरगंज मार्गे रस्त्याने जातात. समुद्रापलीकडे जाणारी वाहने मुंबई बंदरासारख्या ठिकाणाहून 'रो-रो' बोटीत थेट चालवत चढविली जातात.

निर्यातीचे प्रकार दोन. पहिला, पूर्ण तयार वाहन पाठविणे. दुसरा, सुटे भाग पेट्यांत भरून पाठविणे आणि तेथील कारखान्यात जुळणी करणे. दुसऱ्या प्रकारात बोटीवर जागा कमी लागते, आयातशुल्क बहुधा कमी असते आणि स्थानिकांना रोजगार मिळतो. म्हणून आयात करणारी सरकारेही त्याचा आग्रह धरतात. बांगलादेशात जशोर येथे टाटांच्या ट्रकची जुळणी स्थानिक उद्योगसमूहामार्फत होते. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या रोसलिन येथे टाटांनी २०११ मध्ये जुळणी कारखाना सुरू केला.

या बाजारपेठांत भारतीय ट्रकची गाठ चिनी कंपन्यांशी आणि जुन्या वाहनांशी पडते. जपान व युरोपातील वापरलेले ट्रक आफ्रिकेत मोठ्या प्रमाणात विकले जातात. केनियासारख्या देशाने आठ वर्षांहून जुनी वाहने आयात करण्यास बंदी घातली आहे. अशा बंधनांमुळे स्वस्त नव्या ट्रकला वाव मिळतो. किंमत, साधी दुरुस्ती आणि भार सोसण्याची ताकद ही भारतीय ट्रकची बलस्थाने. आरामदायी केबिन, वेग आणि सुरक्षितता यांबाबत तो बराच काळ मागे होता. भारतातील मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली तीही २०२५ मध्ये.

तिसरी अडचण ग्राहक देशाच्या तिजोरीची. ट्रक डॉलरमध्ये येतो. परकीय चलन आटले की सरकार सर्वप्रथम वाहनांची आयात रोखते. श्रीलंकेने मार्च २०२० मध्ये वाहनांच्या आयातीवर घातलेले निर्बंध २०२२ च्या आर्थिक संकटानंतरही कायम राहिले आणि २०२५ च्या प्रारंभी उठले. याच काळात बांगलादेशातही डॉलरची चणचण होती. भारताच्या व्यापारी वाहनांची निर्यात २०१८-१९ मध्ये एक लाखाच्या घरात होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ६६ हजारांवर आली आणि २०२४-२५ मध्ये ८१ हजारांच्या आसपास सावरली. मूठभर शेजारी देशांवर अवलंबून राहण्याचा धोका या आकड्यांत स्पष्ट दिसतो.

गुन्सानचा धडा

हा धोका ओळखूनच कंपनीने, जिचे नाव २००३ मध्ये 'टाटा मोटर्स' झाले, परदेशात कारखाना विकत घेण्याचे पाऊल उचलले. १९९९ मध्ये कोरियातील देवू उद्योगसमूह कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला होता. त्याची ट्रक कंपनी गुन्सान या बंदराच्या शहरात होती आणि तिची क्षमता वर्षाला २० हजार ट्रकची होती. मार्च २००४ मध्ये टाटा मोटर्सने ती सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना घेतली. भारतीय कंपनीने कोरियन कारखाना विकत घ्यावा, ही बाब तेव्हा तेथील कामगारांना आणि येथील गुंतवणूकदारांनाही नवलाची वाटली.

व्यवहारामागे हिशेब होता. देवूकडे दोनशे अश्वशक्तीच्या पुढचे आधुनिक अवजड ट्रक होते, टाटांकडे हलक्या व मध्यम ट्रकचा अनुभव. टाटांनी कोरियन व्यवस्थापन कायम ठेवले. पुढे २००९ मध्ये सादर झालेली 'प्रायमा' ही अवजड ट्रकची मालिका दोन्ही कंपन्यांच्या संयुक्त कामातून उभी राहिली. भारतातील महामार्ग रुंद होत असताना आणि वाहतूकदार अधिक शक्तीचे ट्रक मागू लागले असताना हे तंत्रज्ञान हाताशी होते.

प्रत्येक सौदा असा फळला नाही. स्पेनमधील बसबांधणी करणारी हिस्पानो कारोसेरा टाटांनी आधी अंशतः आणि २००९ मध्ये पूर्णपणे घेतली, पण मंदीच्या युरोपात ती टिकली नाही. २०१३ मध्ये कारखाना बंद करावा लागला. उलट दिशेने भारतात आलेल्यांचेही अनुभव संमिश्र आहेत. महिंद्रबरोबर चाकणला ट्रक बनविणारी अमेरिकेची नेव्हिस्टार काही वर्षांतच भागीदारीतून बाहेर पडली. जर्मनीच्या मानने २०१८ मध्ये भारतातील ट्रक व्यवसाय आवरता घेतला. आयशरबरोबर २००८ मध्ये संयुक्त कंपनी काढणारी व्होल्वो आणि चेन्नईजवळ ओरगडमला २०१२ पासून 'भारतबेंझ' बनविणारी डेम्लर मात्र येथे स्थिरावल्या. ओरगडमचे ट्रक 'फुसो' या नावाने निर्यातही होतात.

भिंती आणि नियम

ट्रकचा व्यापार कधीच पूर्णपणे मुक्त नव्हता. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढविले म्हणून १९६४ पासून अमेरिकेने आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावले. 'चिकन टॅक्स' या नावाने ओळखले जाणारे हे शुल्क कोंबड्यांचा वाद मिटल्यावरही हटले नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अमेरिकेने मध्यम व अवजड ट्रक आणि त्यांच्या महत्त्वाच्या सुट्या भागांवरही २५ टक्के शुल्क लागू केले. तेथे सर्वाधिक ट्रक मेक्सिकोतून जातात. भारतातून पूर्ण ट्रक जात नसले, तरी सुटे भाग जातात. त्यामुळे या निर्णयाची झळ पुण्यापर्यंत पोहोचते.

ग्राहकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचे प्रकारही या उद्योगात घडले. १९९७ ते २०११ या काळात युरोपातील प्रमुख ट्रक कंपन्यांनी संगनमताने किमती ठरविल्या आणि प्रदूषण नियंत्रणाचा खर्च ग्राहकांवर कधी टाकायचा हेही एकमेकांत ठरवून घेतले. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये त्यांना २९३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. स्कानियाला २०१७ मध्ये ८८ कोटी युरोंचा स्वतंत्र दंड झाला.

पुढची भिंत धुराची आहे. नव्या अवजड वाहनांचे कार्बन उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के आणि २०४० पर्यंत ९० टक्के घटविण्याचे बंधन युरोपीय संघाने २०२४ मध्ये घातले. भारतात २०२५ मध्ये 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत विजेवरील ट्रकसाठी प्रत्येकी कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन जाहीर झाले. बॅटरी व हायड्रोजन यांच्या संशोधनाचा खर्च एकट्या कंपनीला पेलण्याजोगा नाही. म्हणूनच जगभर एकत्रीकरणाची लाट आहे. फोक्सवागेन समूहाच्या छत्राखाली मान, स्कानिया आणि नेव्हिस्टार आल्या. जपानच्या फुसो आणि हिनो यांनी २०२५ मध्ये एकत्र येण्याचा अंतिम करार केला.

इव्हेको आणि पुढे

याच पार्श्वभूमीवर ३० जुलै २०२५ रोजी टाटा मोटर्सने इटलीच्या इव्हेको समूहासाठी सुमारे ३८० कोटी युरोंचा प्रस्ताव जाहीर केला. इव्हेकोचा संरक्षण विभाग यातून वगळण्यात आला, तो इटलीच्याच लिओनार्दो कंपनीकडे जाणार असे ठरले. २००८ मधील जग्वार-लँडरोव्हरच्या २३० कोटी डॉलरच्या व्यवहारापेक्षाही हा सौदा मोठा. दोन्ही कंपन्यांची मिळून वार्षिक विक्री ५ लाख ४० हजारांहून अधिक वाहने आणि उलाढाल सुमारे २,२०० कोटी युरो असेल, असे घोषणेत म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या मोटारी व व्यापारी वाहने यांच्या दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये व्यापारी वाहनांची कंपनी शेअर बाजारात वेगळी नोंदली गेली.

इतिहासाचा एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. १९८७ मध्ये हिंदुजा समूहाबरोबर अशोक लेलँडमध्ये भागीदार म्हणून आलेली कंपनी इव्हेकोच होती. २००७ मध्ये ती बाहेर पडली. भारतीय कंपनीला तंत्रज्ञान देणाऱ्या युरोपीय कंपनीसाठी आता भारतीय कंपनीच प्रस्ताव घेऊन गेली.

ताळेबंदापलीकडे या घडामोडींचा संबंध भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या शेकडो छोट्या कारखान्यांशी आहे. मोठ्या कंपनीत 'ब्लॉक क्लोजर' जाहीर झाला की येथील दुसरी पाळी बंद होते, कंत्राटी कामगार घरी बसतो आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. परदेशी बाजारपेठ त्यांना मंदीत आधार देऊ शकते. त्यासाठी त्यांचा माल युरोपच्या कसोटीला उतरला पाहिजे आणि डिझेल इंजिनाचे भाग बनविणाऱ्याने विजेवरील ट्रकला काय लागते हेही शिकले पाहिजे. साठच्या दशकात पिंपरीच्या माळावर यंत्रे बनविणारी यंत्रे आणि ती हाताळणारी माणसे घडविण्यापासून सुरुवात झाली होती. ट्रकच्या पुढच्या पिढीसाठी तेच काम पुन्हा हाती घ्यावे लागेल.